दर नाताळला एक स्वस्तातली कॅसेट : ३५ वर्षांची पेटी उतरवण्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचा कंदील आज उतरवला, आणि तो माळ्यावर ठेवता ठेवता मागची पत्र्याची पेटी खाली ओढली. गेली तीन वर्षं म्हणतोय करू करू, यंदा सुरुवात करूनच टाकली.

पेटीत काय आहे ते आधी लिहून ठेवतो. १९८९ पासून २०२३ पर्यंत, दर वर्षी एक, अशा ३५ नाताळच्या गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी. सगळ्या फुटपाथवरच्या नाहीतर सेलमधल्या. भारी कंपनीची, जाड कव्हरवाली एकही नाही, आणि ते मुद्दामच.

सुरुवात बाबांनी केली. आम्ही दादरला पोर्तुगीज चर्चपासून पाच मिनिटांवर राहतो, बिल्डिंगमध्ये तेव्हा तीन ख्रिश्चन घरं होती, त्यातल्या खालच्या मजल्यावरच्या आंटींचे मिस्टर बोटीवर असायचे. ८९ च्या डिसेंबरला त्यांना सुट्टी मिळाली नाही आणि घरातला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपही तेच बोटीवर घेऊन गेलेले, म्हणजे आंटी आणि दोन लहान मुलं, घरात तारा लावलेला पण आवाज काही नाही. बाबा २३ तारखेला प्रेसमधून येताना गोखले रोडच्या फुटपाथवरून १२ रुपयांची कॅसेट घेऊन आले, आमचा टेपरेकॉर्डर गॅलरीत कठड्याजवळ ठेवला आणि संध्याकाळभर लावला, खाली ऐकू जाईल असा. आम्ही कुणी काही बोललो नाही, आंटीपण काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कलकल आणि न्यूरी, म्हणजे नाताळच्या फराळाची थाळी वर आली. ते तेव्हापासून.

बाबांचे नियम तीन. एक, अर्धा किलो केकपेक्षा कॅसेट महाग नको. दोन, घेण्याआधी गाण्यांची यादी वाचायची नाही, जे निघेल ते ऐकायचं. तीन, २४ ला संध्याकाळी पहिल्यांदा लावायची, त्याआधी नाही. आणि घरी आलं की बाबा आतल्या कागदावर बॉलपेनने तारीख, जागा आणि किंमत लिहायचे. हिशेब लिहायची सवय होती त्यांना, मला आज त्याचा केवढा उपयोग होतोय.

काम असं ठरवलंय: सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं, गाण्यागणिक फाइल करायची, आणि जिथे खात्री होईल तिथे गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव लिहायचं. कारण या स्वस्तातल्या मालावर नावच नसतं. आणि हो, यंदाची छत्तिसावी अजून घ्यायचीय.

१० नोव्हेंबर

मोजदाद झाली. १९८९ ते २००१ कॅसेट, १३. २००२ पासून सीडी, २२, त्यातली २००६ ची एमपीथ्री सीडी, एकाच तबकडीत शंभर गाणी.

कागदांवरची बाबांची अक्षरं वाचत बसलो आणि दुपार गेली. बहुतेक तारखा १५ ते २३ डिसेंबरमधल्या. फक्त १९९२ च्या कागदावर ३० डिसेंबर आहे. नाताळ उलटून गेल्यावर. त्या महिन्यात मुंबईत काय चाललं होतं ते त्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल, आम्हाला गल्लीच्या बाहेर सोडत नव्हते. तरी वर्ष संपायच्या आत बाबा जाऊन घेऊन आले. कागदावर बाकी काही नाही, तारीख, ‘दादर प.’ आणि १८ रु.

१६ नोव्हेंबर

लॅमिंग्टन रोड. कॅसेटचा डेक सुरू होतो पण चाकं फिरत नाहीत, उघडून बघितलं तर आतला रबरी बेल्ट विरघळून काळ्या डांबरासारखा झालेला, बोटांना लागला तो साबणाने जाईना. हे जुन्या बेल्टचं होतंच. तिसऱ्या दुकानात एकजण मिळाला जो अजून बेल्ट ठेवतो, सुतळीत ओवून खिळ्याला टांगलेले, लहान-मोठे. ‘पुराना नाप लाया क्या?’ आता विरघळलेल्याचं माप कुठून आणू, पण दोन्ही पुलींमधलं अंतर मी कागदावर काढून नेलं होतं, त्यावरून त्याने तीन मापं दिली, म्हणाला जो ताणून बसेल पण मोटरला ओढणार नाही तो लावा. तिन्ही मिळून ९० रुपये. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली पण घेतली, हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसायला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, म्हणून सुट्टी. सकाळी साडेसातलाच मत देऊन आलो आणि दिवसभर डेकला बसलो.

मधल्या मापाचा बेल्ट बसला. हेड आणि टेप ओढणारे कॅप्स्टन आणि पिंच रोलर इअरबडने पुसले, पहिले चार इअरबड चॉकलेटी निघाले. मग अॅझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन. हे ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण कॅसेट उतरवताना बरेच लोक इथेच घाई करतात. टेप पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर एवढ्याच वेगाने हेडसमोरून जाते, त्यामुळे हेड केसभर जरी तिरकं असलं तरी आधी वरचे आवाज जातात, घंटा, झांजा, ‘स’ ‘श’ सगळं गोधडीखाली गेल्यासारखं. स्वस्तातल्या कॅसेट तर ज्या मशीनवर भरल्या ते मशीनच तिरकं असायचं, म्हणजे प्रत्येक कॅसेटचा तिरकेपणा वेगळा. उपाय एकच, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने लावायचा. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं आणि स्क्रू एवढाएवढा फिरवत जायचं, एका जागी आवाज एकदम उघडतो, ती जागा.

१९८९ ची पहिली बाजू उतरली. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल, मिनिटाला साधारण १० एमबी. पहिलं गाणं सुरू व्हायच्या जरा आधी त्याचाच पुसट आवाज येतो, भुतासारखा. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो त्यामुळे. पस्तीस वर्षं एकमेकांना चिकटून बसल्यावर उमटणारच. तो मी काढणार नाहीये, सॉफ्टवेअरने काढता येतो तरी.

बायको म्हणाली, हे गॅलरीतलं वाटतंय. बरोबर म्हणाली, कारण या कॅसेटचा आवाज आम्ही कायम बाहेरून आत येताना ऐकलाय.

२४ नोव्हेंबर

आज पुराच्या कॅसेट. ८९ ते ९६ पर्यंतच्या आठ कॅसेट कालिन्याला मामाकडे असायच्या, त्याच्याकडे मोठा डेक होता आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही तिकडे जाऊन सगळ्या जुन्या परत ऐकायचो. २६ जुलै २००५ ला मामाच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी. दोन दिवसांनी बाबा जाऊ शकले, येताना एका प्लास्टिकच्या पिशवीत या आठ कॅसेट, चिखलासकट. मामी रागावली होती, माझं कपाट गेलं आणि तुमचं हे काय. बाबांनी नळाखाली धुतल्या, पाणी झटकलं, पंख्याखाली आठवडाभर उभ्या करून वाळवल्या, उन्हात ठेवू दिल्या नाहीत.

८९ ची नीट निघाली होती कारण बाबांनी तेव्हाच तिची टेप दुसऱ्या खोक्यात घालून ठेवली होती. बाकी सात तशाच. आणि अडचण अशी की चांगल्या कॅसेटला पाच स्क्रू असतात, उघडता येते, स्वस्तातली मात्र दोन्ही अर्धी वितळवून कायमची जोडलेली असते. स्क्रूचे पैसे वाचवायला. त्यामुळे कटरचं पातं कडेच्या फटीत घालून, जरा पिळून, टक्क आवाज येईपर्यंत. १९९१ ची उघडली तर आत मिठी नदीचा गाळ, १९ वर्षं वाळलेला, टाल्कम पावडर इतका बारीक, राखाडी. थोडा वेळ तसाच बघत राहिलो.

दोन्ही रिळं उचलून स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात ठेवली, टेप हेडवर दाबून धरणाऱ्या दाबपट्टीवरचा नमद्याचा तुकडा गळून पडला होता तो नवीन खोक्यात होताच. मग चष्मा पुसायच्या कापडाच्या घडीतून टेप ओढत पेन्सिलने हाताने गुंडाळायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर टेप असते. लेक एका टोकाला कापड धरून बसली, मी पेन्सिल फिरवली, तिने विचारलं आपण एवढं का करतोय, यातली सगळी गाणी तर फोनवर आहेत. मी म्हटलं, गाणी आहेत, या बायका-पुरुषांनी म्हटलेली नाहीत. तिने कापड सोडलं नाही.

दिवसाला दोन होतायत, जास्त नाही.

२८ नोव्हेंबर

९२, ९३, ९४ झाल्या. ९५ ला सात ठिकाणी सुरकुती, तेवढा आवाज दबतो. ठीक आहे.

१ डिसेंबर, रविवार

सीडींना हात घातला. सोपं जाईल वाटलं होतं. २००९ ची ट्यूबलाइटसमोर धरली तर सुईच्या टोकाएवढी भोकं, चांदण्यासारखी. लोक सीडीची खालची बाजू जपतात, पण खरा माल वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असतो, तिथला चंदेरी थर खरवडला की संपलं. ती वाचायला दोन तास लागले, एक गाणं गेलं ते गेलं.

दुपारी एक गोष्ट सापडली. २००७ आणि २०११ च्या सीडीवर एकच कॅरोल, म्हणजे नाताळगीत आहे, एकीवर लिहिलंय ‘लंडन’ असं काहीतरी कॉयर (गायकवृंद), दुसरीवर ‘व्हिएन्ना’ काहीतरी. दोन्ही दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. मला संशय आला म्हणून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाखाली एक ठेवले, सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळवली, आणि एकाला इन्व्हर्ट केलं, म्हणजे लाट उलटी, वर असेल तिथे खाली. दोन रेकॉर्डिंग वेगळी असतील तर दोन्ही मिळून गोंगाट येतो. एकच असेल तर एक दुसऱ्याला खाऊन टाकतं. प्ले दाबलं आणि काहीच नाही. पूर्ण शांतता, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. दोनदा स्पीकरचं बटण तपासलं. लंडनही नाही, व्हिएन्नाही नाही, तेच पंचवीस-तीस लोक, दोन खोट्या नावांनी. संध्याकाळपर्यंत आणखी दोन सीडींवर सापडले, २०१४ वाल्यावर तर वेग जरा वाढवून, सूर अर्ध्याहून कमी चढवून विकलेत, पण तिसऱ्या कडव्याआधी कुणीतरी खोकतं तो खोकला चारही ठिकाणी आहे.

हे असं का होतं ते मी मागे बरंच वाचून काढलं होतं, ते इथे टिपून ठेवतो कारण लोक स्वस्त म्हणजे चोरीचं असं धरून चालतात. तसं नाहीये, निदान सगळं नाही. जुन्या कॅरोलची चाल आणि शब्द मुळातच कुणाच्या मालकीचे उरलेले नाहीत. ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा म्हटलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला, शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे आणि चाल शाळामास्तर ग्रुबरची, साथीला फक्त गिटार. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं, जेम्स पियरपाँटचं, त्यात ख्रिसमस हा शब्दही नाही. राहता राहिलं रेकॉर्डिंग. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क ६० वर्षं, प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा, म्हणजे २०२४ मध्ये १९६३ पर्यंतचं सगळं मोकळं. म्हणूनच स्वस्त सीडीवर चाळीस-पन्नासच्या दशकातले गायक एवढे असतात. आणि ८० च्या दशकातल्या कॅसेट कंपन्यांनी तर दुसरी वाट काढली होती, १९५७ च्या कायद्यात मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली की ठरलेली रक्कम भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घ्यायची सोय होती, त्यालाच आपण व्हर्जन म्हणायचो. २०१२ च्या दुरुस्तीत ते पाच वर्षं झालं.

तर बाबांच्या १२ रुपयांत जे यायचं ते असं तयार व्हायचं, एक स्टुडिओ, एक शिफ्ट, एक कीबोर्डवाला, चार-सहा गळे. काम प्रामाणिक होतं, नाव मात्र कुणी छापलं नाही.

नावांचं मला एवढं लागतं कारण हे या शहरात नेहमीचंच आहे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात किती गोवेकर आणि वांद्र्याचे ख्रिश्चन वादक होते. शंकर-जयकिशनचं अरेंजिंग, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते बांधणं, सेबॅस्टियन डिसोझा करायचे, अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ही दोन नावं आता तरी लोकांना माहीत आहेत. बाकीच्यांची रेकॉर्डच्या पाकिटावर कधी आलीच नाहीत. डिसेंबरात त्यातलेच कुणी या कॅसेटवर वाजवत असतील तर मला नवल वाटणार नाही.

३ डिसेंबर

अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीचं ते बर्फवालं गाणं, ‘व्हाइट ख्रिसमस’, सहा सीडींवर आहे. पहिलं रेकॉर्डिंग १९४२ चं, पण त्याच्या इतक्या प्रती काढल्या की मूळ मास्टर झिजला आणि १९४७ ला तसंच्या तसं परत करावं लागलं. सुरुवातीला बासऱ्या आणि सेलेस्टा (घंट्यांसारखं वाजणारं पेटीवाद्य) असेल तर ते ४७ चं. सहाही ४७ ची निघाली. सहा नावं खात्रीने लिहिली.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. दादर आज पहाटेपासून भरलेलं, शिवाजी पार्कापर्यंत रांगाच रांगा, गावोगावची माणसं, पांढरे कपडे. दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीच्या बाजूला जाऊन आलो आणि पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तकं घेतली. एका स्टॉलवर भीमगीतांच्या सीडी होत्या, पेनड्राइव्हसुद्धा. विकणारे काका परभणीकडचे. मी विचारलं काका अजून सीडी जाते? म्हणाले, ‘जाते की. आमच्याकडं टीव्हीखाली प्लेअर हाय लोकांच्या, आन् पेनड्राइव्ह पोरं हरवतेत.’ मग मी माझं सांगितलं, नाताळच्या सीडीचं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, गर्दीत, गिऱ्हाईक उभं असताना, आणि म्हणाले दुकानात नका शोधू, जिथं जत्रा भरती तिथं शोधा, गाणं आता जत्रेतच विकतंय.

हे मला सुचलं नसतं.

८ डिसेंबर

तरी दुकानं एकदा बघून घेतली. वांद्र्याचा हिल रोड, दोन्ही बाजू. तारे, झालर, प्लास्टिकचं झाड, गोठ्याचे पुतळे, सांताच्या टोप्या, सगळं आहे. सीडी विचारली की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग मोबाइलकडे बोट दाखवतात. क्रॉफर्ड मार्केटला एकाने आत गाणी भरलेला स्पीकर दाखवला, साडेसहाशे, केकच्या नियमात बसत नाही (अर्धा किलो प्लम केक यंदा ३६० ला आहे, बेकरीत विचारून आलोय).

२०१६ ची आठवण झाली. फेब्रुवारीत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान बंद झालं, ऑगस्टमध्ये बाबा गेले, नोव्हेंबरात नोटाबंदी. त्या डिसेंबरला पहिल्यांदा एकटा निघालो, खिशात दोन हजाराची एक नोट जी कुणी मोडून देईना आणि शंभराच्या मोजून दोन. त्यातली एक सीडीला गेली. कागदावर लिहायला बसलो तेव्हा माझं अक्षर बाबांच्या अक्षराखाली किती वेगळं दिसतं ते कळलं, प्रत्येक कागद वेगळा तरी.

रात्री ९६ ची बी साइड उतरवली. यात चौथं गाणं आहे ज्यासाठी मी खरं तर हे सगळं काढलंय, ते नीट लिहितो.

१९९६, १५ डिसेंबर, ‘दादर प.’, २० रु. कागदावर बर्फ आणि हरीण, कुठल्या गायकाचं नाव नाही, ‘कोरस आणि ऑर्केस्ट्रा’ एवढंच. बाकी सगळी गाणी कीबोर्डवर, ताल पण कीबोर्डमधलाच. चौथं मात्र ‘सायलेंट नाइट’ आणि फक्त गिटार. एक बाई, खालच्या पट्टीतला जाड गळा, कुठेही हरकत-मुरकी नाही, पहिलं कडवं इंग्रजीत आणि दुसरं एकदम मराठीत. का ते कुणास ठाऊक, त्या कॅसेटवर दुसरा एक शब्द मराठीत नाही. लहानपणी ते कडवं आलं की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची. ही कॅसेट पुरातली, त्यामुळे मधे दोनदा आवाज खाली जातो, पण आहे. ऐकू येतं.

१० डिसेंबर

लॅपटॉप घेऊन खाली आंटींकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढे आहेत, अंकल जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं बाहेर. चौथं गाणं तीनदा लावायला लावलं. पहिल्यांदा डोळे मिटून, दुसऱ्यांदा ओठ हलत होते, तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘ही मुंबईची नाही रे. ही वसईकडची. बोलते कशी बघ, शेवटी आवाज खाली सोडते.’ नाव? नाव नाही माहीत. त्यांचं माहेर वसईचं, त्यामुळे मी मानतो.

मग म्हणाल्या, तुझे बाबा ती कॅसेट आमच्यासाठी लावतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, टेपरेकॉर्डरचं तोंड खाली होतं. आणि कलकलचं पीठ मळायला घेतलं होतं तिकडे वळल्या.

१५ डिसेंबर, रविवार

वसई. सकाळी विरार लोकल, उलट्या दिशेची म्हणून बसायला मिळालं, स्टेशनवरून बस पकडून पापडीला. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार, चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, सुटायच्या सुमारास पोचलो. बाहेर टेबलं मांडलेली, मेणबत्त्या, तारे, गव्हाणीचं सामान, घरच्या वाईनच्या बाटल्या, आणि शेवटच्या टेबलावर खोक्यात जुन्या सीडी, लोकांनी चर्चच्या मदतीसाठी दिलेल्या, कुठलीही ३० रुपये. परभणीच्या काकांचं म्हणणं बरोबर निघालं.

डोळे खोक्याच्या कडेवर ठेवून, यादी न वाचता, हाताला लागली ती उचलली. नियम पाळला.

टेबलामागच्या बाईंना हेडफोन देऊन चौथं गाणं ऐकवलं. साठीच्या असतील. गर्दी होती तरी पूर्ण ऐकलं, आणि मराठी कडव्याला हेडफोन कानातच ठेवून वरच्या सुरात सोबत म्हणायला लागल्या, म्हणजे बाहेर आम्हाला फक्त त्यांचा आवाज, आतली बाई ऐकू येत नाहीये. दुसऱ्या ओळीला थांबल्या. ‘हे शब्द जुने आहेत. आता आम्ही वेगळे म्हणतो, माझी आई असे म्हणायची.’ त्यांनी आणखी दोघींना बोलावलं, एकीला वाटलं ओळखीचा आवाज, मग तिलाच खात्री वाटेना. नुसत्या वाटण्यावर मी नाव लिहिणार नाही, त्यांनाही तसं सांगितलं, त्यांना पटलं. नंबर घेतलाय, फाइल पाठवली, त्या त्यांच्या कॉयरमधल्या जुन्या लोकांना ऐकवणार आहेत.

परत येताना नायगावच्या खाडीवर गाडी थांबली होती तेव्हा कागदावर लिहिलं. १५-१२-२४, वसई, ३० रु.

१८ डिसेंबर

९७ ते २००१ झाल्या. फार सांगण्यासारखं नाही, १९९९ वाली सगळी बोनी एम या पॉप ग्रुपची नक्कल, चांगली नक्कल.

२४ डिसेंबर

कंदिलाच्याच हुकाला तारा लावला, बल्ब गेला होता तो बदलला. साडेसातला यंदाची सीडी. स्पीकर गॅलरीत, तोंड खाली. रात्री दहानंतर बाहेर लाउडस्पीकर नको हा नियम आल्यापासून बऱ्याच ठिकाणी मैदानातली मिस्सा लवकर होते, आंटींना मुलीच्या मैत्रिणी घ्यायला येणार होत्या, त्याआधी अर्धा तास मिळाला.

निघाली ती वाद्यांची सीडी, गाणं एकही नाही, व्हायोलिन आणि पियानो. पहिल्या क्षणी मी हिरमुसलो. मग तिसऱ्या ट्रॅकला खालून आवाज आला, आंटी स्वतः म्हणत होत्या, शब्द त्यांचे, सूर जरा हललेला, आणि त्यांना घ्यायला आलेल्या बायकांनी पायरीवर उभं राहून गाणं उचललं. लेकीने फोन काढला, मी नको म्हटलं, मग वाटलं का नको, आणि तिला हो म्हटलं. ती फाइल या प्रकल्पात येईल, २०२४, नावांसकट, विचारून.

२९ डिसेंबर

वसईहून निरोप आला, कॉयरमधल्या चार जुन्या माणसांनी ऐकलं, नाव सांगता आलं नाही. एकाने गिटार ऐकून सांगितलं की वाजवणारा डावखुरा असावा, कसं ते मला कळलं नाही पण लिहून ठेवलंय, प्रश्नचिन्हासह.

आज ९६ ची बी साइड परत घेतली, कारण पहिल्या वेळी दाबपट्टीचा नमदा जरा वाकडा होता असं आता वाटतंय. नवीन बसवला, अॅझिमथ फक्त चौथ्या गाण्यापुरतं लावलं, बाकीची बिघडली तरी चालतील, ती आधीची आहेतच. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी लावलेली. दोन ठिकाणी आवाज खाली जातो तो तसाच आहे, तो पुराचा. पण वरचा पडदा सरकल्यासारखा झाला. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा चर्र आवाज आहे, तो आधी नव्हता ऐकू आला. आणि इंग्रजी कडवं संपल्यावर, मराठी सुरू व्हायच्या आधी, बाई श्वास घेतात, लांब, आणि मागे कुणीतरी पुरुष अगदी हळू ‘हं’ म्हणतो.

फाइलचं नाव: १९९६, बी, ४, गायिका अनोळखी, वसई (आंटींच्या म्हणण्यानुसार), गिटार अनोळखी.